मेथीचं पान

“मग मॅडम, मोजपट्टीच खोटी म्हणायची का?”

शार्दूलनं विचारलं अदबीनं, पण आतून तो धुमसत होता. मनोरुग्णांची लक्षणं मोजण्यात त्याचा हात धरणारा डॉक्टर वॉर्डात नाही, असं सगळे म्हणत. त्यालाही ते केव्हाच पटलेलं होतं.

एक म्हणजे लक्षण नाहीच, सात म्हणजे टोक. हौसाबाईंच्या कानातल्या आवाजाला त्यानं त्या दाखल झाल्या तेव्हा पाच दिले होते. आजही पाचच, आणि मॅडम म्हणत होत्या, त्यांना आज घरी सोडू.

“पाचावर घरी कसं सोडायचं?”

बाहेर पायरीवर हौसाबाईंचा भाऊ पिशवीत नवं लुगडं घेऊन सकाळपासून बसला होता.

डॉ. नाडगौडा मॅडमनी चष्मा पुसला...

“चल,” त्या म्हणाल्या.

वॉर्डामागच्या ओट्यावर हौसाबाई मेथी निवडत होत्या. आल्या तेव्हा या बाई पाण्याचा घोटही घेत नव्हत्या. सगळ्यात विष कालवलंय, असं तो आवाज सांगायचा. भावानं भरवलेला घासही त्यांनी थुंकून टाकला होता, आणि तो बिचारा कोपऱ्यात तोंड फिरवून रडला होता.

मॅडम त्यांच्या शेजारी टेकल्या. “काय म्हणतोय आज तो आवाज?”

“त्येच की. भाजीत इष हाय म्हंतोय.”

“हळू बोलतो का आता?”

“कसलं हळू. बोंबलतोय नुसता.”

शार्दूलनं मॅडमकडे पाहिलं. आता तरी पटलं ना, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

“मग तुम्ही काय करता?”

हौसाबाईंनी एक पान खुडलं, तोंडात टाकलं आणि सावकाश चावत राहिल्या...

“वरडंना का. भाऊ आलाय न्यायला. त्याच्या ताटाला ताट लावून जेवायला नगं व्हय?”

मग दुसरं पान त्यांनी शार्दूलपुढे धरलं. “घ्या डाक्टर. कवळी हाय.”

शार्दूलनं पान घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं. धुतलेलं नव्हतं, देठाला माती होती. कोणाचं लक्ष नाहीसं बघून त्यानं ते हळूच कोटाच्या खिशात सरकवलं.

परत येताना मॅडम म्हणाल्या, “भावाला गोळ्या नीट समजावून दे. आणि रिक्षा बोलाव म्हणावं.”

“पण आकडा...?”

“पाचच लिही.”

“पाचावर असताना घरी?”

मॅडम थांबल्या. त्याच्या खिशाकडे बघत राहिल्या...

“पाचावर असून तिनं पान खाल्लं, शार्दूल. तू तर एकावर होतास.”