साडेचार की साडेपाच

“…ते सर्व मी वाचले आहे, भिवा. मला एवढेच सांगा. साडेचार की साडेपाच?”

प्रश्न मंदाकिनी राजे यांचा होता, आणि तो उपस्थित होण्यास कारणही त्याच होत्या. हवेच्या दाबावर छरा मारणाऱ्या दोन बंदुका शहरातून त्यांनीच मागवल्या होत्या. एकीच्या नळीत साडेचार मिलिमीटरचा छरा बसे, दुसरीच्या नळीत साडेपाचचा. हिरडेमाळावरच्या सातही घरांनी यांपैकी एकेक बंदूक घ्यावी, हा प्रस्तावही त्यांचाच. गुरुवारी सभा होती. सहा घरे बाईंच्या शब्दासाठी थांबली होती.

भिवा झोपडीच्या दारात उकिडवा बसून तंबाखू मळत होता.

त्याचे आजोबा-पणजोबा शिकारी. तो स्वतः मात्र तीस वर्षे बाईंच्या शाळेत शिपाई होता. नोकरी संपल्यावर तो रानात, आजोबांच्या पाणवठ्याशेजारी येऊन राहिला. पुढे लोक अडलेले प्रश्न घेऊन त्याच्याकडे येऊ लागले. बाई आज प्रथमच आल्या होत्या.

“बाई, तुम्ही मला एकदा मेमो दिला होता. दोन मिनिटं आधी घंटा दिली म्हणून.”

“दिला होता. चूक तुमची होती.”

“होतीच की. अजून जपून ठेवलाय. काय अक्षर होतं!”

“विषय बंदुकीचा आहे, भिवा.”

“हं… बोला.”

बाई बोलल्या, आणि धडा समजावून द्यावा तशा बोलल्या. साडेचारचा छरा हलका; तो वेगाने आणि सरळ जातो, शिवाय तालुक्याला सहज मिळतो. साडेपाचचा जड; तो दूरवर जाताना थोडा झुकतो, पण लागला की पाखरू जागीच बसते. एकीचे छरे दहा वर्षांनीही मिळतील, दुसरीचा घाव खात्रीचा. तेव्हा दीर्घकाळच्या तयारीसाठी श्रेष्ठ कोणती?

“तयारी कशाची?” भिवाने विचारले.

“तुम्हांला ठाऊक नाही?”

भिवाला ठाऊक होते. दोन वर्षांपूर्वी दरड कोसळून घाट बंद झाला, तेव्हा माळ एकोणीस दिवस जगापासून तुटला होता. तेराव्या दिवशी बाईंच्या घरातला तांदूळ संपला. त्या दिवसांत त्यांची थोरली बहीण, अक्का, जी अंथरुणाला खिळली ती अजून उठलेली नाही.

“शिकारीला कायद्याने बंदी आहे, हे मी जाणते,” बाई म्हणाल्या. “मी आजवर एकही नियम मोडलेला नाही. पण अक्काला पुन्हा उपाशी पाहणार नाही. मग कोणाला काय म्हणायचे ते म्हणो.”

“अक्का कशा आहेत?”

बाई जरा अडखळल्या.

“बरी आहे. वय झाले. काहीबाही बोलते.”

“काय बोलतात?”

“तिच्या खाटेवर जाऊन बसले की म्हणते, ‘थोडी सरक गं. मध्ये जागा ठेव.’ रोज तेच. भ्रम आहे तो.”

तंबाखू मळणारा अंगठा थांबला…

मग पुन्हा फिरू लागला.

“बंदुका आणल्यात?”

आणल्या होत्या. साडेपाचची त्यांच्या खांद्याला होती, स्प्रिंग ताणलेली आणि छरा भरलेली. साडेचारची अजून खोक्यातच होती.

“चला तर,” भिवा उठला. “पाण्यावर बसू.”

चैत्रातली दुपार होती. पाणवठा म्हणजे कातळातले एक काळे डबके. चार कोसांत तेवढेच पाणी उरलेले. अलीकडच्या काठावर, हिरड्याच्या दाट सावलीत, गवताचा लहानसा पट्टा होता. भिवा तेथे बसला. बाई पदर खोचून त्याच्या शेजारी बसल्या.

“थोडं सरका, बाई. मध्ये जागा ठेवा.”

बाईंनी मान वळवली. भिवाचा चेहरा नेहमीसारखाच होता.

“काय म्हणालात?”

“मध्ये जागा ठेवा. आमच्या घरातली रीत आहे. पाण्यावर दोघं बसले की तिसऱ्याची जागा सोडायची.”

“तिसरा कोण?”

“ज्याची शिकार, तो.”

“म्हणजे देव?”

“आजा म्हणायचा, नाव विचारू नये. जागा सोडावी.”

बाईंनी आयुष्यभर मोघम उत्तरांना शून्य गुण दिले होते. हेही उत्तर मोघमच होते.

त्या सरकल्या.

दोघांच्या मध्ये एका माणसापुरते गवत उरले. उभे, वाळलेले, पिवळे.

वेळ गेला. किती गेला ते बाईंना सांगता आले नसते, आणि हे त्यांच्या बाबतीत नवल होते. झाडांवर किडे किरकिरत होते. मग, जणू कोणी वर्गात पाऊल टाकावे, तसे ते सगळे एकदम गप्प झाले.

पानही हलेना.

“भिवा…”

“शू…”

पलीकडच्या काठावर एक रानकोंबडा उभा होता. तो केव्हा आला ते बाईंना दिसले नव्हते. एवढे लाजरे पाखरू, काडी मोडली तरी नाहीसे होणारे. ते उघड्यावर येऊन, मान ताठ करून उभे होते.

“मारा,” भिवा म्हणाला.

“आत्ता? आत्ता गरज कोठे आहे?”

“समजा, आज चौदावा दिवस आहे. अक्का काल नुसतं पाणी पिऊन झोपल्या.”

बाईंचे ओठ घट्ट मिटले. त्यांनी बंदूक उचलली. फळ्यावर चाळीस वर्षे सरळ रेघ काढणारा हात होता तो. नेम धरला. श्वास रोखला. चाप ओढला.

दणका झालाच नाही. म्हाताऱ्याच्या खोकल्यासारखा एक फुसका आवाज झाला, आणि छरा डबक्याच्या मध्यावर पडला.

टुप्…

पाण्यावर एक वर्तुळ उमटले. ते पसरत पसरत कोंबड्याच्या पायांपर्यंत गेले.

कोंबडा उडाला नाही.

त्याने बाईंकडे पाहिले नाही. भिवाकडेही पाहिले नाही. दोघांच्या मधल्या जागेकडे तो टक लावून पाहत राहिला, हाक मारल्यावर मूल पाहते तसा. मग त्याने मान खाली घातली, शांतपणे पाणी प्यायला, आणि एकेक पाऊल टाकत झाडीत निघून गेला.

किडे पुन्हा किरकिरू लागले.

“कधीपासून ताणून ठेवलीय?” भिवाने विचारले.

“आणली त्या दिवसापासून.” बाईंनी बंदूक खाली ठेवली. “ऐन वेळी ताणत बसायला सवड मिळणार नाही, म्हणून.”

“किती दिवस झाले?”

“चार महिने.”

“कुठे असते?”

“अक्काच्या उशाशी.”

“भरलेली?”

“भरलेली.”

भिवाने ती बंदूक हातात घेतली, नळी सांध्यात वाकवून पाहिली. सांध्याने काहीच विरोध केला नाही.

“स्प्रिंग बसली, बाई. तुम्हांला वाटलं, ती थांबलीय. ती चार महिने रोज सुटत होती. थोडी थोडी.”

बंदुकीबरोबर आलेल्या पुस्तिकेत शेवटच्या पानावर तशी ओळ होती. बाईंनी ती वाचली होती. ती ओळ निष्काळजी माणसांसाठी आहे, असे त्यांनी ठरवले होते.

“आणि अक्का?” भिवाने विचारले. “त्यांना झोप लागते?”

चार महिने अक्का भिंतीकडे तोंड करून पडत असे. ताणलेल्या त्या वस्तूकडे पाठ करून. एवढ्या दिवसांत बाई तिच्याजवळ बसल्या असतील त्या औषध देण्यापुरत्या. बाकी वेळ त्या डबे भरत, डब्यांवर तारखांच्या चिठ्ठ्या लावत, दारे तपासत फिरत होत्या.

“मी तिच्यासाठीच…” त्या म्हणाल्या, आणि त्यांचे वाक्य तेथेच राहिले. अपूर्ण वाक्य त्यांनी याआधी कधी सोडले नव्हते.

भिवाने खोके उघडले. साडेचारची बंदूक बाहेर काढली. ताणली नाही, भरली नाही. नुसती बाईंच्या मांडीवर ठेवली.

“ही.”

“छरे सहज मिळतात म्हणून?”

“लहान आहे म्हणून. लहानीला जवळ जावं लागतं.”

“त्याने काय होते?”

“जवळ गेलं की डोळा दिसतो.”

मग ठरले ते एवढे. सात घरांत मिळून बंदूक एकच राहील, आणि ती साडेचारची. ती भिवाच्या झोपडीत आढ्याला टांगलेली असेल. न ताणता, न भरता. घाट खरोखर तुटेल आणि शेवटचे धान्य संपेल, तेव्हाच ती खाली निघेल. गुरुवारी बाई सभेत स्वतः उभ्या राहून आपला प्रस्ताव मागे घेतील. अक्काच्या उशाशी बंदूक नसेल. तेथे बाई बसतील, थोड्या सरकून.

बाईंनी मान्य केले. भिवाने मान्य केले. मधल्या जागेचा होकार कोणी मागितला नाही.

बाई उठल्या. उठताना तोल सावरण्यासाठी त्यांनी हात टेकला, तो मधल्या गवतावर.

त्यांनी हात झटकन मागे घेतला.

गवत आडवे झाले होते. एका माणसापुरते. सावलीत, जेथे दिवसभर ऊन पोचले नव्हते तेथे, ते उबदार लागत होते. कोणी नुकतेच उठून गेल्यावर खाट लागते तसे.

बाईंनी तळवा उलटून पाहिला.

“तात्या…” त्या म्हणाल्या. तीस वर्षांत त्यांनी त्याला असे कधी संबोधले नव्हते. “हा… हा उठून कोठे गेला?”

भिवाने माळाच्या दिशेला, बाईंच्या घराकडे जाणाऱ्या पायवाटेकडे पाहिले.

बाईंनी पदर सावरला. त्यांना लवकर निघायचे होते, धावत निघायचे होते. तरीही विचारल्यावाचून त्यांच्याने राहवेना.

“त्याच्याकडे… कोणत्या मापाची बंदूक आहे?”

भिवाने तंबाखूची चिमूट ओठाखाली धरली. पाण्यावरचे वर्तुळ केव्हाच विरून गेले होते…

“माप नाही ठाऊक, बाई. पण तो ताणून ठेवत नाही.”