खजिन्याची साळुंकी आणि भिवराकाकूचं भांडं

एका राज्यात खजिना कधीच चुकत नसे. यात खजिन्याची हुशारी काही नव्हती. तो शाप होता.

त्या राज्यात गोजरा नावाची एक विणकरीण राहत असे. ती उडत्या घोंगड्या विणायची. काळ्या मेंढीची लोकर घ्यावी, कातताना तीत चिमूटभर वावटळ मिसळावी, वीण घट्ट ठेवावी, की घोंगडी आधी वीतभर उठे आणि मग सांगाल तितकी वर जाई. राजाचे जासूद त्याच घोंगड्यांवर बसून गावोगाव हिंडत. एक घोंगडी विणायला एक अख्खा ऋतू लागे. दर सहावी घोंगडी कर म्हणून खजिन्यात जाई, आणि ती गोजराने कधी बुडवली नव्हती. देणं डोक्यावर ठेवून तिला झोपच येत नसे.

एके सकाळी तिच्या मांडवाच्या वाशावर एक साळुंकी येऊन बसली. चोच पिवळी, गळ्यात खजिन्याची मोहर. साळुंकीने मान ताठ केली आणि म्हणाली, "गोजरा विणकरीण, ऐक. गेल्या वर्षी तुझी मिळकत घोंगड्यांहून अधिक भरली. कर कमी पडला. चार घोंगड्या येणे. पौर्णिमेच्या आत भर. न भरल्यास तुझ्या बोटांतली वीण जप्त."

"अगं, कसली अधिक मिळकत?"

"भरली भांडी. मी स्वतः वरून मोजली."

गोजराने लोकर कातायची चाती बाजूला ठेवून बोटांवर दिवस मोजले. पौर्णिमा पंधरवड्यावर आली होती. तेवढ्यात एका घोंगडीचा काठसुद्धा होत नाही. आणि त्या राज्यात जप्ती भांड्याकुंड्यांची नसे. ज्याचं जे जिवाचं, तेच खजिना काढून घेई, बरणीत घाली, आणि झाकण लावून फळीवर ठेवी. एका पैलवानाची पकड तिथे होती, एका सुईणीचा हातगुण होता. गोजराने आपल्या बोटांकडे पाहिलं. वीण गेली तर पोटाचे हाल होतीलच. पण रोज सकाळी उठून करायचं काय, या विचाराने तिला रडू फुटलं.

वसुली होईपर्यंत साळुंकीने दारातच बसायचं, अशी खजिन्याची रीत. गोजरा डोळे पुसत तिच्यावर खेकसली, "बस हो बस. मानाची पाहुणी ना तू!" पण दारात कुणी उपाशी बसलंय आणि आपण भाकरी मोडतोय, हे तिला जमेना. पुटपुटत का होईना, तिने वाशाखाली मूठभर जोंधळा टाकला.

मग ती शेजारच्या भिवराकाकूकडे गेली. भिवराकाकूच्या म्हशी होत्या आणि आवाज असा होता की बांधावरून एक हाळी दिली की पलीकडच्या डोंगरातली म्हैस माघारी फिरे. आता ती बांधावर उभी होती, तोंड उघडत होती, आणि आतून काही येत नव्हतं. तिलाही तसाच निरोप आला होता. सरकारदरबारी आपलं कोण ऐकतंय, म्हणून ती गप्प बसली, आणि मुदत संपली तशी खजिन्याने तिचा आवाज नेला. म्हशी कुठल्या कुठे पांगल्या होत्या. गोजराचं ऐकून काकूने कपाळावर हात मारला, तिचा दंड धरला आणि राजधानीच्या वाटेकडे बोट दाखवलं. जा, विचार, एवढंच त्या बोटाचं म्हणणं होतं.

उडत्या घोंगड्या विणणारी बाई पायीच निघाली, कारण करात असो की विकत, विणलेली प्रत्येक घोंगडी राजाकडेच जाई. साळुंकी तिच्या डोक्यावरच्या गाठोड्यावर बसली. वाटेत नदी लागली. ती नदी दुपारची झोपे, तेव्हा दुपार होईतो थांबून गोजरा तिच्या पाठीवरून पाय न वाजवता पलीकडे गेली.

खजिन्याच्या दाराशी दगडी माणसं उभी होती. कुणाच्या कानावर बोरू, कुणाच्या काखेत वही. एकाच्या डोक्यावर मुकुट होता, आणि त्यावर पहारेकऱ्याने आपलं पागोटं वाळत घातलं होतं.

"हे कोण?" गोजराने विचारलं.

"हे इथलेच. मुकुटवाले म्हणजे आपल्या राजाचे वडील. एक शब्द बोलले आणि असे झाले."

"कोणता शब्द?"

पहारेकऱ्याने इकडेतिकडे पाहिलं, धुळीत बोटाने 'चुकलं' असं लिहिलं आणि लगेच पायाने पुसून टाकलं.

त्याचं असं झालं होतं. फार पूर्वी एका मांत्रिकाकडून खजिन्याने नको तेवढा कर घेतला. मांत्रिक हात जोडून विचारायला आला. तेव्हाच्या खजिनदाराने मानही वर न करता सांगितलं, "खजिना चुकत नाही." मांत्रिक म्हणाला, "तथास्तु. या घरात जो कोणी 'चुकलं' म्हणेल, तो दगड होईल." जाता जाता उंबऱ्याबाहेर तो आणखी काही बोलला. पण तोवर आतल्यांनी दार लावून घेतलं होतं.

आताचा खजिनदार भद्रायू. त्याच्या डाव्या हाताची करंगळी दगडाची होती. तरुणपणी तो एकदा 'चु' म्हणाला होता आणि वेळीच थांबला होता.

"सरकार," गोजरा म्हणाली, "माझ्याकडं कर निघत नाही."

"निघाला आहे, म्हणजे निघतो."

"कशावर निघाला, तेवढं तरी दाखवा."

भद्रायू करंगळी चोळत राहिला. मग म्हणाला, "विचारण्याची रीत आहे. तीन गोष्टी आण. ज्यातून मिळकत आली ते भांडं. ज्याने दिली त्याची साक्ष. आणि ज्याने मोजली त्याच्या तोंडचा शब्द."

"आणल्यावर?"

"आजवर कुणी आणल्या नाहीत."

गोजरा आल्या पावली परत फिरली. तिच्या दारी भरून येणारं भांडं एकच, भिवराकाकूचा पितळी वाडगा, काठाला पोचा आलेला. पण वाडगा काकूकडे नव्हता. खुद्द गोजरानेच तो थालीपिठं घालून कुंभाराच्या घरी पाठवला होता. कुंभारणीने त्यात गूळ घालून तो तेलिणीला दिला होता. तेलिणीकडून तो ओल्या खोबऱ्याची चटणी घेऊन नावाड्याकडे गेला होता. गोजरा दारोदार फिरली, आणि साळुंकी तिच्या गाठोड्यावरून उतरून प्रत्येक उंबऱ्यावर बसून पाहत राहिली. नावाड्याच्या बायकोने वाडगा घासून पुसून आणला, घटकाभर थांबली, आत गेली आणि त्यात भाजक्या शेंगा भरून मग गोजराच्या हातात दिला.

"अगं, मला नुसता वाडगा हवाय."

"रिकामं भांडं कसं पाठवू? चांगलं दिसतं का ते?"

परतीच्या वाटेवर साळुंकीने वाडग्याच्या काठाचा पोचा निरखून पाहिला. मग तिने विचारलं, "वाडगा हा एकच का?"

"एकच. काकूकडून खरवस घेऊन निघतो आणि गावभर हिंडून घरी जातो."

साळुंकीने डोकं पंखात घातलं आणि राजधानी येईपर्यंत बाहेर काढलं नाही.

भद्रायूने वाडगा पाहिला. "पहिली गोष्ट झाली. देणाऱ्याची साक्ष?"

"देणारी भिवराकाकू. तिचा आवाज तुमच्याच फळीवर आहे. बरणी उघडा."

"जप्त माल साक्ष देत नाही. तो आवाज आता खजिन्याचा आहे."

"मग तर बरंच झालं," गोजरा म्हणाली. "खजिन्याची साक्ष खजिना नाकारणार नाही."

भद्रायू फळीपाशी गेला. त्याने बरणी उतरवली आणि झाकण जरासं सरकवलं. आतून भिवराकाकूचा आवाज असा निघाला की खिडक्यांची तावदानं थरथरली. "अरे, खरवस दिला तो म्हैस व्याली म्हणून! वाडगा लाडू भरून परत आला तो कुणी रिकामा धाडत नाही म्हणून! यात मिळकत कुठनं आली, मेल्यांनो?"

भद्रायूने घाईघाईने झाकण लावलं. "दुसरी गोष्ट झाली," तो हळूच म्हणाला. "तिसरी होणार नाही, बाई. ती होऊ नये. मोजणाऱ्याने शब्द दिला तर त्याचं काय होतं, ते दाराशी उभं आहे. गप घरी जा."

"आणि माझी बोटं?"

भद्रायूने बरणी परत फळीवर ठेवली.

गोजराने साळुंकीकडे पाहिलं. वाटभर तिने ठरवलं होतं की या पाखराला धारेवर धरायचं, उभं आडवं विचारायचं, शब्द काढून घ्यायचाच. इतक्या रात्री तिच्या डोळ्याला डोळा नव्हता तो या चोचीपायी. पण आता तोंडातून प्रश्न निघेना. बोटं तर हवीच होती, आणि पाखराचा जीवही घेववत नव्हता.

साळुंकीच बोलली.

"मी राजवाड्याच्या कोनाड्यात वाढले," ती म्हणाली. "तिथे ताटं भरलेली आत जातात आणि रिकामी बाहेर येतात. भरलेलं भांडं ज्याच्या दारी दिसेल ती त्याची मिळकत, एवढंच मला शिकवलं. मी वरून पाहिलं. एकच वाडगा घरोघरी मोजला, प्रत्येक खेपेला नवा म्हणून मोजला, आणि ज्याच्या त्याच्या नावावर कर चढवला. भिवरेचा आवाज माझ्यामुळे गेला." तिने गळ्यातली मोहर चोचीने तोडून खाली टाकली. "माझं चुकलं."

तिचे पाय दगडाचे झाले. मग पोट. मग एक पंख.

"शब्द मिळाला!" भद्रायू ओरडला. "बाई, कर माफ झाला, तू सुटलीस. पळ इथून!"

पहारेकरी पळाला. कारकून पळाले. आजवर या दालनात तो शब्द जेव्हा जेव्हा उच्चारला गेला, तेव्हा तेव्हा सगळे असेच पळाले होते, नाहीतर बोलणाऱ्याला शिव्या घालत उभे राहिले होते. गोजराही दाराकडे वळली. बोटं वाचली होती. आणखी काय हवं होतं? पण भरल्या भांड्यासारखा शब्द आपल्या हाती आला आणि आपण काही न देता चाललो, हे तिच्या पायांना पटेना. ती माघारी आली. वाडग्यातल्या शेंगा तिने फोडल्या, दाणे तळहातावर घेतले आणि साळुंकीच्या चोचीपुढे धरले.

"असू दे गं," ती म्हणाली. "होतं असं. घे, खा."

चोच अजून दगडाची झाली नव्हती. साळुंकीने एक दाणा उचलला.

पंख मऊ झाला. पोट मऊ झालं. पाय हलले. मांत्रिक उंबऱ्याबाहेर बोलला होता ते हेच होतं: हा शब्द ज्या दिवशी कुणी रिकामा परत पाठवणार नाही, त्या दिवशी शाप सुटेल. ते ऐकायला तेव्हा कुणी थांबलं नव्हतं, आणि गोजराला ते कुणी सांगायची गरज पडली नाही.

दाराशी दगडी कारकून शिंकू लागले. थोरल्या महाराजांनी डोक्यावरचं ओलं पागोटं काढून पाहिलं आणि म्हणाले, "हे कुणाचं? आणि आधी थोडं ताक द्या." फळीवरच्या बरण्यांची झाकणं उडाली. पकड पैलवानाकडे गेली, हातगुण सुईणीकडे गेला, आणि भिवराकाकूचा आवाज खिडकीतून निघाला तो वाटेतल्या साऱ्या म्हशींना वळवतच घरी पोचला. भद्रायू आपली करंगळी उघडमीट करत बसला होता. "चुकलं," तो म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, "चुकलं," आणि त्याच्या डोळ्यांना धार लागली. गोजराने उरलेल्या शेंगा त्याच्यापुढे ठेवल्या.

थोरले महाराज गादीवर बसले. धाकट्याने आनंदाने जागा दिली. त्याला या खजिन्याची लहानपणापासून भीती वाटे. खजिन्याचं दार उघडं ठेवावं, विचारायला येईल त्याला आधी बसायला द्यावं, आणि मोजणाऱ्या पाखरांनी उंबऱ्यावर उतरून मोजावं, असा हुकूम निघाला. दर सहावी घोंगडी मात्र पूर्वीसारखीच द्यायची ठरली, आणि गोजराची त्याला काही हरकत नव्हती.

पौर्णिमेच्या दिवशी, जेव्हा तिची बोटं रिकामी व्हायची होती, गोजरा मागावर बसली होती. तेवढ्यात राजवाड्यातून चांदीचं भांडं आलं, खिरीने काठोकाठ भरलेलं. तिने खीर काढून घेतली, भांडं घासलं, त्यात शेंगदाण्याची चटणी भरली आणि आणणाऱ्याच्या हाती दिलं. राजवाड्याकडे भरलेलं भांडं परत जाण्याची ती पहिलीच वेळ.

वाशावर साळुंकी होती. आता ती आपल्या मर्जीने येऊन बसे. भांडं दाराबाहेर पडताना तिने सवयीने मोजायला चोच उघडली. मग मिटली, आणि खाली उतरून जोंधळा टिपू लागली.

गोजराची वीण शाबूत राहिली, भिवराकाकूची हाळी डोंगराला भिडली. ज्याने ज्याने ही कथा ऐकली, त्याच्या दारीही भांडं भरलेलं येवो आणि भरलेलं जावो.