आधी आपलं

सागाच्या जंगलात, ओढ्याकाठच्या माळावर एक अस्वल मधाचे दुकान मांडून बसत असे. मध इतका गोड, की जंगलातले भांडखोर प्राणीसुद्धा त्या दुकानापुढे दोन शब्द गोडीने बोलत. तिथे आठवड्याचा बाजार भरे. बाजार म्हणजे गवताने शाकारलेल्या दुकानांची एकच लांब रांग, छपराला छप्पर टेकलेले. रांगेच्या पूर्वेच्या टोकाला एक जुना मोह होता आणि त्याच्या ढोलीत एका साळुंकीचे घर होते.

बाजार उठला की अस्वल, साळिंदर आणि रानडुक्कर मागे थांबत आणि आग विझवण्याचा सराव करत. त्यांना कुणी सांगितले नव्हते आणि त्यातून काही मिळतही नव्हते. साळिंदराने दोर कुरतडायचे, अस्वलाने खांब ओढायचे, रानडुकराने नाकाडाने माती उकरून उडवायची. सुरुवात करताना तिघेही न चुकता म्हणत, "आधी आपलं."

अस्वलाच्या शेजारी एका कोल्ह्याचे सुक्या खेकड्यांचे दुकान होते. त्याला हे ऐकून हसू आवरत नसे. "ऐकलंत का? आग लागली की हे आधी आपलं वाचवणार," तो गिऱ्हाइकांना सांगे. "तुमचं-आमचं मग, सवड मिळाली तर." सगळा बाजार हसे. अस्वल उत्तर देत नसे. एक तर ते अबोल, त्यात तोंडात बहुधा मध असे.

आणि एका बाजारी, भर उन्हात, पश्चिमेच्या बेटात बांबूला बांबू घासून ठिणगी पडली. वाऱ्याने ती पहिल्या छपरावर आणून टाकली. मुलांनो, तुम्ही वणवा पाहिला नसेल तर बरेच आहे. ज्वाळा सागाच्या शेंड्यांपर्यंत गेल्या. आगीचा आवाज एवढा होता, की शेजारच्यालाही ओरडून सांगावे लागे. हत्ती ओढ्यातून सोंडा भरभरून पाणी आणत होते, पण ते येईपर्यंत पुढचे दुकान पेटलेले असे. सांगताना माझ्याही अंगावर काटा येतो.

ज्याने त्याने आपला माल उचलून पळ काढायची घाई केली. साळुंकी मात्र ढोलीच्या तोंडाशी बसून राहिली. "माझ्या पिल्लांना अजून पंख फुटले नाहीत," एवढेच ती खाली येऊन अस्वलाला म्हणाली आणि परत वर गेली.

अस्वलाने रांगेकडे पाहिले. "जे पेटलंय ते गेलं," ते म्हणाले. "आता न पेटलेली दुकानं मोडून मधे मोकळी जागा करायची. पुढे आगीला खायला काही मिळता कामा नये."

कोल्हा आपल्या दारात आडवा उभा राहिला. "माझ्या दुकानाला हात लावलास तर याद राख. दुसऱ्याचं मोडायला तुझं काय जातंय?"

अस्वल त्याच्याकडे गेलेच नाही. ते स्वतःच्या दुकानापाशी थांबले आणि म्हणाले, "आधी आपलं."

साळिंदराचे दात दोरावर अडखळले. "मडकी तरी बाहेर काढू या रे."

"वेळ नाही. तोड दोर."

दोर तुटला. अस्वलाने दोन्ही खांब कवेत घेऊन ओढले, छप्पर बसले, मडकी फुटली आणि उन्हाळाभर जमवलेला मध मातीत गेला. रानडुकराने लगोलग त्यावर माती लोटली. अस्वलाने एकदा पंजा चाटला, तेवढाच काय तो त्याच्या वाट्याला आला.

कोल्हा हे सगळे पाहत होता. मोकळी झालेली जागा अजून अरुंद होती आणि ठिणग्या त्याच्या छपराकडे झेपावत होत्या. त्याने खेकड्यांच्या ढिगाकडे पाहिले, मग मोहावरच्या ढोलीकडे पाहिले. "आधी आपलं," तो पुटपुटला, आणि स्वतःच्याच दुकानाचा दोर दातांत धरून ओढू लागला. मग पलीकडच्या सशाने आपले मोडले, त्याच्या पलीकडच्या वानराने आपले. कुणाला दुसऱ्याच्या दुकानाला हात लावावा लागला नाही.

वणवा उघड्या मातीपर्यंत आला. तिथे तो कितीतरी वेळ घोंघावत उभा राहिला, मग हळूहळू खाली बसला. एवढी आग एवढ्याशा मातीपुढे हरली, हे पाहून हत्तींनी सोंडेतले पाणी तिथेच सोडून दिले.

बाजार पुन्हा उभा राहिला, पण मधली जागा मोकळी ठेवून. बाजार उठल्यावर आता कोल्हाही सरावाला मागे थांबू लागला. साळुंकीच्या पिल्लांना पंख फुटले, कंठही फुटला. साळुंक्या ऐकलेले बोलतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्या पिल्लांना पहिल्यांदा जे दोन शब्द बोलता आले, ते ऐकून कोल्ह्याने मान खाली घातली. पिल्ले म्हणत होती, "आधी आपलं."

तात्पर्य इतकेच : सर्वांसाठी काही सोडायची वेळ येते, तेव्हा जो आधी आपले सोडतो, त्याच्याच मागे सगळे येतात.