ध्वजावरचे पाखरू आणि राळेचे झाड

पोपटाच्या जन्मातल्या बोधिसत्त्वकथांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. एका गटात पोपट आपले वाळलेले झाड सोडत नाही. दुसऱ्या गटात तो राजसभेत जाऊन बोलतो. पहिल्याचा गाभा निष्ठा, दुसऱ्याचा शहाणपण. प्रस्तुत कथा या दोहोंच्या सांध्यावर उभी आहे, त्यामुळे सांगणारे तिला कधी इकडे ओढतात, कधी तिकडे. खलाशांच्या सांगण्यात राजा मोठा होतो आणि झाड लहान. रानाकडच्या सांगण्यात लाकूडतोड्याला बोलायला अधिक वाव मिळतो. येथे मी हे दुसरे रूप घेतले आहे, कारण कथेतली चूक द्वेषातून झालेली नाही, भक्तीतून झालेली आहे, ही गोष्ट त्यात ठळकपणे दिसते.

कथेचे निमित्त असे सांगतात. शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, जेतवनात राहत असताना श्रावस्तीच्या एका उपासकाने त्यांच्या स्वागताची कमान सजवायचे ठरवले, आणि ज्या आंब्याखाली शास्ते दुपारी बसत त्याच आंब्याच्या फांद्या तोडून आणल्या. भिक्षू कुजबुजू लागले. शास्ते रागावले नाहीत. याने पूर्वीही अशीच प्रेमाने कुऱ्हाड उचलली होती, एवढेच ते म्हणाले, आणि भिक्षूंच्या विनंतीवरून त्यांनी मागच्या जन्मीची हकीकत सांगितली.

फार पूर्वी समुद्रातल्या वेणुद्वीपावर कुलवर्धन नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने त्याच बेटावरच्या एका पोपटाच्या कुळात जन्म घेतला होता. हा पोपट अन्य कोणत्याही भूमीवर होत नसे. त्याची पाठ गर्द हिरवी, छाती जांभळी आणि चोच शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी फिकी असे. वेणुद्वीपाच्या लोकांना या पाखराचा फार अभिमान होता. त्यांच्या ध्वजावर तोच, नाण्यांवर तोच, होड्यांच्या पुढच्या टोकावर आणि घरांच्या चौकटींवरही तोच कोरलेला असे. साक्ष देताना ते त्याचीच शपथ घेत. राज्याभिषेकाच्या वेळी प्रत्येक राजाला प्रजेसमोर म्हणावे लागे, ‘हे पाखरू बेटावर नसेल त्या दिवशी मीही राजा नसेन.’

दर वर्षी वैशाखी पौर्णिमेला नवा ध्वजस्तंभ उभारण्याची तेथे प्रथा होती. स्तंभ राळेच्या झाडाचाच हवा, आणि झाडही असे हवे की ज्याच्या अंगावर पोपटाची ढोली आहे. पोपटाने ज्याला आपले घर मानले तेच झाड ध्वजाला योग्य, असा त्यामागचा भाव होता. खालचे सरळ खोड राजधानीत नेत. ढोलीचा भाग वर असे. तो उपयोगाचा नसल्यामुळे छाटून रानातच टाकून देत. राळेच्या झाडाला ढोली पडायला माणसाची कित्येक आयुष्ये जावी लागतात. पोपट दुसऱ्या कोणत्याही जातीच्या झाडात घरटे करीत नसे. तरीही पाखरे कमी होत आहेत हे कोणाच्या ध्यानात आले नाही, कारण ते पाखरू त्यांना जिकडेतिकडे दिसतच होते.

अखेरीस संपूर्ण रानात ढोलीचे एकच झाड उरले. त्यात बोधिसत्त्वाची शुकी अंड्यांवर बसली होती. या जातीत मादी खाण्यासाठी अंडी सोडून उठत नाही. नर आणून देईल तेवढेच खाते.

राजाचा लाकूडतोड्या पिंगल वैशाखात हे झाड शोधत आला. त्याने झाडाला नमस्कार केला, खोडावर कुंकवाची रेघ ओढली आणि पहिला घाव घातला. दुसऱ्या घावासाठी कुऱ्हाड उचलली तेव्हा त्या खाचेत पोपट येऊन बसला होता.

पिंगलने त्याला हुसकावून पाहिले, मग टाळ्या वाजवल्या, मग फांदी हलवली. शेवटी कुऱ्हाड टेकवून तो काकुळतीने म्हणाला, “बाजूला हो रे बाबा. तुझ्याच मानासाठी चाललंय हे सगळं.”

“मान मिळाल्यावर मी बसू कुठे?” बोधिसत्त्वाने विचारले.

पोपट बोलला याचे पिंगलला फारसे आश्चर्य वाटले नाही. ध्वजावरचे पाखरू बोलत असणार, असे तो लहानपणापासून धरून चालला होता. त्याला भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. पौर्णिमेला स्तंभ उभा राहिला नाही तर लाकूडतोड्याचे हात तोडायचे, असा दंडक होता. त्याने तसे सांगितले, आणि वर म्हणाला, “तुझी अंडी तुला, माझे हात मला. सांग आता, काय करू?”

बोधिसत्त्व विचार करू लागला. या माणसाचे हात जाऊन माझी पिले वाचली, तर ती याच्या पिलांच्या तोंडचा घास घेऊन वाढतील. आणि हा निर्दय नाही. याला कोणी वेगळे सांगितलेलेच नाही. मग तो म्हणाला, “मला राजाकडे घेऊन चल. उत्तर मी देईन, तुझ्यावर काही येऊ देणार नाही. तोवर झाडाला हात लावू नकोस.”

“राजाने तुला ठेवूनच घेतलं तर?”

“तर झाडही इथेच असेल आणि तुझी कुऱ्हाडही.”

पिंगल हसला. त्याने झाडावर चढून आपल्या शिदोरीतली केळी ढोलीच्या तोंडाशी ठेवली, पाखराला खांद्यावर घेतले आणि तो राजधानीत आला.

सभेत मात्र अनपेक्षित अडचण उभी राहिली. बोधिसत्त्वाला तेथे कोणी ओळखेना. पिढ्यान्‌पिढ्या चित्रकारांनी ध्वजावरच्या पोपटाची चोच लाल केली होती, पंखांना सोनेरी कड दिली होती आणि डोक्यावर तुरा चढवला होता. जिवंत पोपट मात्र सभेतल्या एकानेही पाहिलेला नव्हता. पुरोहित देवल आसनावरून उठला, त्याने पाखराला सगळीकडून न्याहाळले आणि निर्णय दिला की हे कुठलेतरी रानपाखरू आहे. पिंगलने कावळा जरी रंगवून आणला असता, तरी याहून बरा दिसला असता, असेही तो म्हणाला. सभा हसली.

बोधिसत्त्व शांतपणे म्हणाला, “ध्वजावरचा माझ्याहून देखणा आहे, यात शंका नाही. पण महाराज, त्याला भूक लागत नाही. माझी शुकी कालपासून लाकूडतोड्याच्या केळ्यांवर आहे.”

राजाने त्याला जवळ बोलावले. जांभळी छाती पाहिली, आणि मग नाणे हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिला. त्याने विचारले, “तुझे भाऊबंद कुठे आहेत?”

“स्तंभांच्या झाडांवर होते, महाराज. आता आम्ही दोघे, आणि ढोलीत जे आहे ते.”

राजाला आपली शपथ आठवली. त्याचा चेहरा उतरला. तरीही राज्याची रीत मोडण्याचे धैर्य त्याला लगेच झाले नाही. तो म्हणाला की बोधिसत्त्वाने राजवाड्यातच राहावे; सोन्याचा पिंजरा, बाराही महिने फळे, दारावर पहारा, आणि शुकीलाही अंड्यांसह अलगद येथे आणता येईल. झाड तेवढे द्यावे.

बोधिसत्त्व म्हणाला, “ती हलवलेल्या अंड्यांवर बसणार नाही. मी एकटा येथे सुखात राहिलो, तर आपल्याकडे एक चित्र वाढेल, इतकेच.”

देवलला आता आपल्या थट्टेची लाज वाटत होती. त्याने नम्रपणे तोड सुचवली की झाड न तोडता ध्वज त्याच्याच शेंड्याला बांधावा. रीतही राहील आणि झाडही. सगळ्यांना ते पटले. बोधिसत्त्वाला मात्र हे नाकारताना वाईट वाटले, कारण ते सद्‌भावनेने सुचवले होते. “कापड वाऱ्यावर फडफडले की तिला वर ससाणा आल्यासारखे वाटेल,” तो म्हणाला, “आणि ती उडून जाईल.”

राजा उठला. त्याने पिंगलच्या हातांना अभय दिले आणि खिडकीची जाळी स्वतः उघडली. बोधिसत्त्व राजाला व पिंगलला वंदन करून रानाकडे उडाला.

शास्त्यांनी येथे जन्मांचा मेळ घातला. त्या वेळचा राजा कुलवर्धन म्हणजे आताचा आनंद. शुकी म्हणजे राहुलमाता. पुरोहित देवल म्हणजे आता सर्वांत मोठ्याने कुजबुजणारा भिक्षू. लाकूडतोड्या पिंगल म्हणजे समोर हातात आंब्याची फांदी घेऊन उभा असलेला हा उपासक. आणि तो पोपट म्हणजे मीच, शास्ते म्हणाले. या जन्मात जी पूर्ण झाली ती मैत्री पारमी, म्हणजे मैत्रीच्या गुणाची परिपूर्णता, असे त्यांनी सांगितले. काही सांगणारे येथे सत्य पारमीचे नाव घेतात. परंतु ज्याच्या हातात कुऱ्हाड होती त्याच्या हातांचाही विचार येथे पाखराने केला, म्हणून मैत्री हेच नाव मला अधिक योग्य वाटते.

बहुतेक सांगणारे येथे थांबतात. रानाकडच्या रूपात शेवटचा प्रसंग राखून ठेवलेला आहे, तो असा. पौर्णिमेच्या सकाळी लोक नेहमीप्रमाणे राजधानीच्या चौकात जमले. राजा घडी घातलेला ध्वज काखेत घेऊन बाहेर आला आणि काही न बोलता रानाच्या वाटेने चालू लागला. लोक त्याच्यामागे गेले. राळेच्या झाडापासून बरेच अलीकडे पिंगल वाट अडवून उभा होता. त्याने ओठांवर बोट ठेवले. सगळे जिथे होते तिथेच खाली बसले. काही वेळाने एक हिरवे पाखरू चोचीत फळ घेऊन आले आणि ढोलीत शिरले. राजाने ध्वज मांडीवर तसाच ठेवला.

त्या वर्षी वेणुद्वीपावर ध्वज चढला नाही.