हिंगणगडची महागडी मोटार

"मोटार एकच, एकाच बोटीतून उतरलेली, रंगसुद्धा एकच! मग आमची वीस हजारांना आणि त्या मोरतळेकरांची दहाला? मधले दहा हजार खाल्ले कुणी?"

हिंगणगडचे सर्जेराव महाराज असे ओरडले की दरबारातल्या काचेच्या हंड्या किणकिणल्या.

झालं होतं असं. शेजारच्या मोरतळे राज्याचे राजे सकाळी महाराजांची नवी मोटार बघायला आले होते. किंमत ऐकली आणि पोट धरधरून हसले. जाताना वर म्हणाले, "आमच्याकडे या की राव. एवढ्यात दोन येतील!"

तेव्हापासून महाराजांच्या घशाखाली घास उतरेना. आता राजाच जेवेना, तर दरबार कसा जेवणार? सगळी मंडळी भुकेनं कासावीस.

बंदरावर जाऊन मोटार आणली होती शिदू ड्रायव्हरनं. त्याला पुढं उभं केलं.

"बोल, दहा हजार कुठं गेले?"

"सरकार, ती ज..."

"अहं!" दिवाणजी एवढ्यानं खाकरले की शिदूनं उरलेला शब्द गिळला.

दिवाणजींचंही चुकलं नाही म्हणा. जकात ही महाराजांची भारी लाडकी. मागं एक व्यापारी 'जकात जरा जड जाते' एवढंच बोलला होता. त्याला हत्तीखान्यात शेण काढायला घातलं. तो अजून काढतोय.

"गप्प झालास? म्हणजे तूच चोर! दिवस मावळायच्या आत खरा चोर समोर आला नाही, तर तू जन्मभर तुरुंगात!"

एवढ्यात शिदूची बायको हौसा पहारेकऱ्याला बाजूला सारून आत आली. मोरतळ्याच्या बाजारात भाजी विकणारी बाई ती, रोजची हद्द ओलांडणारी. तिला कुणाची भीती!

"महाराज, चोर मी दावते. पण मला मोटार पायजे."

"मोटार?"

"आणि मोटारीत तुमी पायजे."

"आम्ही?"

"आणि ती हाकायला आमचं हे पायजेत. मला काय ती येत न्हाई, आणि तुमालाबी येत न्हाई."

कुणीतरी फिसकन हसलं. महाराजांनी वळून बघितलं, तर सगळा दरबार छताकडं बघत होता.

निघाली मोटार. पुढं शिदू आणि हौसा, मागं महाराज आणि दिवाणजी. हद्दीवर ओढा, ओढ्याच्या अलीकडं हिंगणगडचा जकात नाका, नाक्यावर आडवा बांबू. सखोबा नाकेदारानं मुजरा करून बांबू उचलला. मोटार ओढ्यातून पलीकडं गेली. मोरतळ्याच्या पेठेत मोटारींचे व्यापारी बसले होते. हौसानं विचारलं, "शेठ, असली मोटार केवढ्याला?"

"दहा हजार. दुसरी देऊ का, बाई?"

"नको, एकीनंच एवढा ताप झालाय. चला हो, फिरवा मागं."

मोटार परत ओढा ओलांडून आली. बांबू आडवाच.

"थांबा!" सखोबा म्हणाला. "नवी मोटार. दहा हजार जकात."

"अरे, डोळे फुटले का तुझे? आम्ही आहोत!"

"दिसताय की, सरकार. मुजरा! दहा हजार."

"आत्ता तर इथूनच गेलो आम्ही!"

"गेलात ते गेलात, आलात ते आलात. जिनं एक पावसाळा बघितला नाही ती मोटार नवी. नवी मोटार हद्दीत शिरली की किमतीइतकी जकात. मग मालक कुणी का असेना. तसा हुकूमच आहे."

"हा हुकूम काढला कुठल्या गाढवानं?"

सखोबा बांबूवरच्या मुंग्या बघू लागला. शिदू हॉर्न पुसू लागला. दिवाणजींना या वेळी खाकरताही येईना.

मग महाराजांना हळूहळू आठवलं. हुकूम त्यांचाच! आपण मोटारीतून जावं आणि बाकी सगळ्या राज्यानं बैलगाडीतून बघत राहावं, म्हणून हौसेनं काढलेला.

त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "मागच्या वेळचे दहा हजार कुणी भरले?"

"दिवाणजींनी. सरकारांच्या खासगीतून."

"आणि गेले कुठं?"

"सरकारांच्या खजिन्यात."

महाराज लालबुंद झाले. "म्हणजे हौसा, चोर आम्ही?"

आता हो म्हणावं तर मान जाते, नाही म्हणावं तर नवरा जातो. शिदूनं डोळे घट्ट मिटून घेतले.

"अगं बया! असं कसं म्हणता, महाराज?" हौसा म्हणाली. "तुमच्याच डाव्या खिशातलं तुमच्याच उजव्या खिशात गेलं. ह्याला का चोरी म्हणत्यात? आणि चोरीच झाली न्हाई, तर आमचं हे तुरुंगात कशापायी?"

पण महाराज हट्टाला पेटलेले. "ते काही नाही! चोर दाखवते म्हणालीस. आम्हाला चोर पाहिजे!"

"आता आपल्या राज्यात तर न्हाई गावला. पलीकडं मोरतळ्यात मिळंल येखादा, सस्तात. पर हद्दीतनं हिकडं आणायचा म्हंजे बघा बाई..." हौसानं बांबूकडं बोट केलं. "नवा असला, तर दुप्पट पडंल!"

महाराजांना असं हसू फुटलं की मोटार गदागदा हलायला लागली. डोळे पुसत ते म्हणाले, "शिदू सुटला! सखोबा, काढ तो बांबू. मोटारीवरची जकात आजपासून बंद!"

"काढतो, सरकार. पण ठेवू कुठं?"

"हौसाला दे. बक्षीस! आणि हा वर आमचा कंठा."

हौसानं कंठा कनवटीला खोवला आणि बांबू वाजवून बघितला. "बरा हाय. दोडक्याच्या मांडवाला हुईल."

बांबू लांबलचक, मोटारीत काही मावेना. शेवटी पुढचं टोक हौसानं धरलं, आणि मागचं टोक खांद्यावर घेऊन हिंगणगडचे महाराज तिच्या घरापर्यंत आले.