शंभर चित्रं काढणारं कार्ड

संगणकाची पेटी टेबलाखाली ठेवायची पद्धत होती, त्या काळची ही गोष्ट. निरंजनने गेम खेळण्यासाठी साठवलेले सगळे पैसे एका मोठ्या ग्राफिक्स कार्डावर घातले. प्रोसेसर मात्र जुनाच ठेवला.

"मला सेकंदाला शंभर चित्रं काढता येतात," कार्ड प्रोसेसरवर खेकसलं. "तू चाळीसच सांगतोस. बाकी वेळ मला नुसतं बसून राहावं लागतं!"

"काय काढायचं ते आधी ठरवावं लागतं, बाळा."

"मग ठरव लवकर!"

म्हातारा प्रोसेसर जीव तोडून पळत राहिला, तापत गेला आणि एका संध्याकाळी ऐन खेळात कायमचा थांबला.

पडदा काळा झाला. कार्डाचे पंखे फिरत होते, दिवे लखलखत होते.

"आता काय काढू?" त्याने विचारलं.

पेटीत सांगणारं कोणी उरलं नव्हतं.