आवडाच्या लिंबाचा मान

मंडळी, चपला त्या दगडापाशी काढा आणि मग पुढे या. हा तेल पाजलेला काळा पाषाण म्हणजे आमच्या ओवळीवाडीचा राखणदार, गावाची सीमा सांभाळणारा देव. आसपासच्या गावांतल्या राखणदारांना वर्षातून एकदा कोंबडा, रोट आणि पहिल्या धारेची काजूची दारू असा मान द्यावा लागतो. आमच्या राखणदाराला कोंबडा चालतो, रोटही चालतो, पण कोरी दारू चालत नाही. त्याच्यासमोर करवंटीत जे ठेवतात ते पिवळंधमक असतं, मधापेक्षा पातळ आणि पाण्यापेक्षा दाट, आणि त्याचा वास इथून पार खालच्या ओढ्यापर्यंत जातो. दारूत लिंबाची साल मुरवून त्यात साखरेचा पाक घालतात. वाडीत त्याला 'पिवळा मान' म्हणतात. पाषाणामागे जे लिंबाचं झाड दिसतं आहे त्याच्याच फळांचा तो करतात. हे झाड मूळच्या झाडाच्या फांदीचं. मूळ झाड सोमाजी गावकराच्या अंगणात होतं आणि ते एकदा तोडलं जायच्या बेतात होतं.

सात-आठ पिढ्यांमागची गोष्ट, असं सांगतात. सोमाजी हा वाडीचा मुख्य गावकर. देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्याचा, आणि काजूची भट्टीही त्याचीच. त्याच्या हातची दारू पाण्यासारखी नितळ उतरायची आणि त्याचा त्याला भारी अभिमान होता. माणूस वाईट नव्हता, पण एकदा बोलला की बोलला. सूर्य एक वेळ मागे फिरेल, सोमाजीचा शब्द फिरणार नाही, असं वाडीतले लोक म्हणायचे, आणि ते कौतुकानं म्हणायचे की वैतागानं, ते समोर सोमाजी आहे की नाही यावर असायचं.

त्याचा मुलगा भागोजी, आणि भागोजीची बायको आवडा. आवडा हेदवळची. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या आईनं करवंटीत माती घालून लिंबाचं एक रोप तिच्या हातात दिलं होतं. देण्यासारखं त्या घरात दुसरं काही नव्हतंच, म्हणे. आवडानं ते अंगणात लावलं. पुढच्याच पावसाळ्यात हेदवळहून निरोप आला, आई गेली. त्यानंतर आवडासाठी माहेर म्हणजे ते झाड. सकाळी सडा घालताना ती झाडाशी दोन शब्द बोलायची. काय बोलायची ते कुणी ऐकलं नाही, आणि आपण तरी कशाला विचारावं.

झाड वाढलं, पाचव्या वर्षी फळांनी वाकलं. पण फळ कसलं! मुठीत मावणार नाही एवढं लिंबू, महाळुंगासारखी जाड साल, आणि आत रस म्हणाल तर डोळ्यात घालायलासुद्धा पुरायचा नाही. लोणचं घातलं तर कडूजहर. वाडीतल्या बायांना थट्टेला विषयच मिळाला. 'आवडाच्या लिंबाक पिळूक घाणो व्हयो,' असं त्या पाणवठ्यावर म्हणायच्या. आवडाही त्यांच्याबरोबर हसायची, आणि घरी येऊन गप्प व्हायची.

त्या वर्षी शिमगा झाला आणि सोमाजीनं ठरवलं की भट्टीसाठी नवा मांगर, म्हणजे खोपटं, बांधायचा. त्याला जागा हवी होती ती नेमकी झाडाची.

"ज्या लिंबात रस नाय, ता लिंबू कसला?" तो जेवता जेवता म्हणाला. "वैशाखात राखणदाराचो मान देवन झालो की दुसऱ्या दिवशी झाड पाडूया."

आवडाच्या हातातली पळी तिथंच थांबली. "मामांनू, ता माज्या आयेन दिलेला झाड आसा."

"आयेची आठवण काळजात ठेवची, गो. अंगणात माका मांगर बांधूचो आसा."

झालं. शब्द निघाला, तो परत जायचा नव्हता. भागोजीनं तोंड उघडलं आणि बापाकडे बघून त्यात भाताचा घास घातला.

दुसऱ्या दिवशी आवडा इथं आली, या पाषाणापुढे, आणि नवस बोलली. "म्हाराजा, माज्या झाडात रस नाय, ता माका म्हायती आसा. पण जा काय आसा, ता सगळा काढून तुका देतंय. तू माजा झाड राख."

नवस बोलून ती घरी आली आणि मग तिला प्रश्न पडला की झाडात आहे तरी काय. तिनं एक लिंबू तोडलं, साल नखानं खरवडली, आणि घरभर वास सुटला. गोठ्यातल्या म्हशीनं मान वर केली, म्हणे. रस नाही तर नाही, या झाडानं सगळं धन सालीत भरून ठेवलं होतं. पण वास देवाला द्यायचा कसा? तो पानावर वाढता येत नाही, आणि दिवसभरात उडून जातो. तेव्हा तिच्या मनात आलं की देवाला दारू तर जातेच. वास दारूत उतरवला तर?

तिनं नवऱ्याकडून करवंटीभर दारू मागून घेतली. भागोजी देताना म्हणाला, "बाबांका कळला तर माका पयलो भट्टीत घालतीत, मगे तुका." पण दिली.

पहिल्या खेपेला तिनं विळीवर साल जाडच कापली, आतल्या पांढऱ्या गरासकट, आणि दारूत टाकली. आठ दिवसांनी बोट बुडवून चाटलं तर कडू, म्हणजे असं कडू की दिवसभर जिभेला दुसरी चव कळेना. दुसऱ्या खेपेला पांढरं अजिबात घेतलं नाही. नुसती वरची पिवळी साल, कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ. वास सुंदर उतरला, पण दारू तिखट लागत होती, म्हणून खडीसाखरेचा पाक केला आणि चुलीवरून उतरवला तसाच वर ओतला. भस्सकन वाफ आली, तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि करवंटीत उरलं ते नुसतं गोड पाणी. दारूही गेली आणि वासही गेला. तिसऱ्या खेपेला साल पातळ, आठ दिवस मुरवण, जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळण, आणि पाक रात्रभर ठेवून गारढोण झाल्यावर घातलेला. भागोजीनं चाखलं. मग करवंटी आतून चाटून पुसून काढली आणि विचारलं, "आणि आसा काय गो?"

तोवर मानाला दहाच दिवस उरले होते. देवाची बरणी देवघराच्या कोपऱ्यात होती. पहिल्या धारेची दारू त्यात अर्ध्यापर्यंत भरून, तोंड केळीच्या पानानं बांधून सोमाजीनं स्वतः ठेवलेली. एकदा पान बांधलं की ते राखणदारापुढेच सोडायचं, अशी रीत. आवडानं दोन दिवस त्या बरणीकडे नुसतं बघितलं. सून म्हणून आली त्या घरात तिनं आजवर मिठाचा खडाही विचारल्याशिवाय उचलला नव्हता. पण नवस देवाशी बोलली होती, सासऱ्याशी नाही. तिनं पान सोडलं, साल आत टाकली, आणि नवं पान अगदी तशीच गाठ मारून बांधलं. मानाच्या दिवशी पहाटे उठून गाळलं, गार पाक घातला, पान पुन्हा बांधलं, आणि बरणी परत जागेवर ठेवली.

मानाला सगळी वाडी इथं जमली. पुरुष पुढे, बाया मागे. गाऱ्हाणं कसं असतं ते तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून सांगतो. गावकर देवापुढे उभा राहून सगळ्यांच्या वतीनं मागणं मागतो, आणि तो जिथं जिथं थांबेल तिथं बाकीचे एका आवाजात म्हणतात, 'व्हय म्हाराजा!' पिढ्यान् पिढ्यांची सवय. गावकर खोकायला थांबला तरी लोक व्हय म्हणून मोकळे होतात.

सोमाजीनं पान सोडलं, बरणी करवंटीत वाकवली आणि त्याचा हात थबकला. नितळ दारूच्या जागी पिवळंधमक काहीतरी ओघळत होतं. पुढच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं देव कोपला, कुणी म्हणालं सोमाजीची भट्टी बिघडली, आणि हे दुसरं त्याला जास्त झोंबलं.

"ह्या कोणी केल्यान?"

"मी केलंय," मागून आवाज आला. बाया बाजूला झाल्या. आवडा पुढे आली.

"देवाची बरणी उघडलंस तू?"

"होय, मामांनू. देवाक नवस बोललंय. झाडात जा काय होता, ता काढून तेका दिलंय. चुकला आसात तर शिक्षा माका करा, झाडाक नको."

आता सोमाजीची मोठी पंचाईत झाली. देवापुढे ठेवलेली वस्तू माघारी घेता येत नाही, आणि तीर्थ पहिल्यांदा गावकरानंच घ्यायचं. चिडायचं तरी आधी प्यायला हवं. त्यानं करवंटी उचलली, डोळे मिटले आणि घोट घेतला.

डोळे तसेच मिटलेले राहिले. मग त्यानं दुसरा घोट घेतला. रीतीप्रमाणे एकच घ्यायचा असतो. आयुष्यभर दारू गाळलेला माणूस तो, त्याच्या जिभेला एका क्षणात कळलं की ही आपलीच दारू आहे, आणि आपल्याला कधीच जमली नसती अशी आहे. त्याला सुनेचा राग आला होता तो कुठं गेला ते त्याचं त्यालाच कळेना. उलट पाच वर्षं ज्या झाडाशेजारून आपण ये-जा केली ते आपण एकदाही धड पाहिलं नाही, याची त्याला लाज वाटली. करवंटी खाली ठेवून तो हात जोडून उभा राहिला.

"बा देवा म्हाराजा! आज जो काय मान तुज्या पायार ठेवलो हा, तो गोड मानून घे!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या सुनेन जा काय केल्यान, ता तुज्यासाठी केल्यान. चुकला-माकला पदरात घे!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ज्या झाडाचा ह्या फळ, त्या झाडाक..."

इथं तो अडला. झाड पाडायचा शब्द त्यानं स्वतः दिला होता. तो मागे कसा घ्यायचा? जन्मात कधी घेतला नव्हता, त्यामुळे घेतात कसा तेही ठाऊक नव्हतं. तो उभा राहिला तोंड उघडं टाकून. आणि तो थांबला म्हटल्यावर वाडीनं सवयीनं गर्जना केली, "व्हय म्हाराजा!"

कशाला व्हय म्हणालो ते कुणालाच माहीत नव्हतं. लोक एकमेकांकडे बघायला लागले. तेवढ्यात आवडानं हात जोडले आणि सासऱ्याचं अर्धं वाक्य पुरं केलं. "राखून घे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पुरुष, बाया, सगळे ओरडले, आणि सर्वांत मोठ्यानं भागोजी.

देवापुढे सगळ्या गावानं दिलेला शब्द तो. त्यापुढे एकट्या सोमाजीच्या शब्दाची काय मातब्बरी! तो आधी चकित झाला, मग हसायला लागला, आणि हसता हसता पाषाणाच्या कट्ट्यावर बसला. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी त्याला त्याच्या शब्दातून सोडवलं होतं. बरणीत उरलेला पिवळा मान प्रसादाच्या खापरोळ्यांवर, म्हणजे मऊ जाळीदार आंबोळ्यांवर, ओतला गेला. पाणवठ्यावर थट्टा करणाऱ्या बाया दोन-दोनदा पान पुढे करत होत्या, आणि म्हाताऱ्यांनी तो ओढ्याच्या गार पाण्यात घालून पेले रिते केले.

सगळे पांगल्यावर सोमाजीनं सुनेला जवळ बोलावलं. "तुज्या आयेचा नाव काय गो?"

पाच वर्षांत तिला हे कुणीच विचारलं नव्हतं. "सगुणा," ती म्हणाली आणि रडू लागली. आई गेल्याचा निरोप आला तेव्हा भाताची लावणी चालू होती, रडायला सवड मिळाली नव्हती. आता ती पोटभर रडली. तिचं होईपर्यंत सोमाजी शेजारी बसून राहिला.

मांगर ओढ्यापलीकडे बांधला गेला. पुढच्या वैशाखात गाऱ्हाणं घालताना सोमाजीनं रीतीप्रमाणे वाडीतल्या घरांच्या मूळपुरुषांची नावं घेतली, आणि शेवटी थांबून म्हणाला, "आणि हेदवळच्या सगुणाबायक पावलो तसो सगळ्यांका पाव!" लोकांनी व्हय म्हटलं. तेवढ्यात मागच्या रांगेतून कुणाची तरी सून फणकारली, "आणि माज्या आयेन काय वायट केल्यान?" हशा पिकला. पण सोमाजी हसला नाही. त्यानं तिच्या आईचं नाव विचारलं आणि घेतलं. मग दुसरी पुढे आली, मग तिसरी. त्या दिवशी गाऱ्हाणं संपेपर्यंत प्रसादाच्या खापरोळ्या गार झाल्या, असं सांगतात.

आजही पिवळा मान तसाच करतात. साल पातळ, पांढरं घ्यायचं नाही, आणि पाक गार झाल्याशिवाय बरणीला हात लावायचा नाही. पोरांसाठी दारू न घालता नुसत्या पाकात साल मुरवतात. आणि आजही करवंटी पाषाणापुढे ठेवली की गावकर वाडीतल्या प्रत्येक सुनेच्या आईचं नाव घेतो. कुणी रत्नागिरीची, कुणी बेळगावची, एक तर पार भंडाऱ्याची आहे. त्यांतल्या कितीतरी जणींनी ओवळीवाडी डोळ्यांनी पाहिलेली नाही, कितीतरी आता या जगात नाहीत. यादी फार लांबली आहे, ऊनही डोक्यावर येतं, पण कुणी जागचं हलत नाही. आपल्या आईचं नाव यायची वेळ झाली की ती सून बायांच्या रांगेतून एक पाऊल पुढे येऊन उभी राहते, आणि नाव कानावर पडताच सगळी वाडी तिच्यासाठी म्हणते, "व्हय म्हाराजा!"